पायपेटीवरचं घर

चंदीगडच्या सेक्टर बावीसमधल्या त्या विटांच्या सरकारी क्वार्टरमध्ये ज्या संध्याकाळी टाळीवर दिवा लागला, त्या संध्याकाळी शशिकला गद्रे पहिल्या रांगेत बसली होती. पहिली रांग म्हणजे बैठकीतला वेताचा कोच. शेजारच्या सरला सूद यजमानांना आणि सासूला घेऊन आल्या होत्या, महाराष्ट्र मंडळातली दोन-तीन कुटुंबं आली होती, चहा झाला होता आणि बटाटेवड्यांचं ताट रिकामं व्हायला आलं होतं. शशिकलाचा नवरा श्रीपाद खोलीच्या मधोमध येऊन उभा राहिला. कोपऱ्यातल्या लाकडी खोक्याकडे त्याने एकदा प्रेमाने पाहिलं, दोन्ही हात उंच नेले आणि एक खणखणीत टाळी वाजवली.

वरचा दिवा लागला.

"वाह जी वाह!" सरलाबहनजी ओरडल्या आणि त्यांनी टाळ्या पिटायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच. एवढी दाद मिळाल्यावर दिव्याने काय करावं? तो विझला. अंधारात हशा पिकला, त्या हशाबरोबर आणखी टाळ्या पडल्या, दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. सरलाबहनजींची सासू डोळे मिटून वाहेगुरूचा धावा करू लागली. "अरे, थांबा! वाजवू नका! कोणीही वाजवू नका!" असं श्रीपाद ओरडत होता आणि त्याच्या ओरडण्यानेसुद्धा दिवा एकदा जाऊन आला.

शेवटी सगळे शांत झाले. खोलीत उजेड होता. श्रीपाद घाम पुसत म्हणाला, "आता शशी वाजवेल. हे सगळं तिच्यासाठीच केलंय."

शशिकलाचे हात शालीखाली होते. ते तिने बाहेर काढले. खोलीतल्या प्रत्येकाला ते हात माहीत होते, तरी प्रत्येकाने त्याच क्षणी दुसरीकडे कुठेतरी पाहिलं. बोटं मुळापासून एका बाजूला कललेली, सांध्यांवर गाठी, मनगटं सुजलेली. ते दोन हात तिने एकमेकांवर आपटले. दोन उशा एकमेकींवर पडाव्यात तेवढाच आवाज झाला. दिव्याने दखल घेतली नाही.

"अहो," ती म्हणाली, "जिला टाळी वाजवता येत नाही, तिच्यासाठी टाळीचं यंत्र केलंत?"

आणि कोणाला काय करावं हे कळायच्या आत ती स्वतःच मोठ्याने हसली. त्या हसण्याचा आवाज मात्र भरपूर होता. दिवा गेला.

*

शशिकला या शहरात आली तेव्हा शहर कोरं होतं. सदुसष्ट साल असेल. रस्ते रुंद आणि रिकामे, झाडं कमरेएवढी, आणि पत्ता विचारला की लोक गल्लीबोळाचं नाव सांगण्याऐवजी आकडे सांगत. सांगलीहून निघताना सासरच्यांनी भांडीकुंडी दिली, माहेरच्यांनी पायपेटी. पायांनी भाता चालवायचा आणि दोन्ही हात सुरांवर मोकळे ठेवायचे, अशी ती उभी, शिसवी पेटी. दिल्लीला गाडी बदलताना हमाल म्हणाला, "बहनजी, ये अलमारी है या हारमोनियम?" ती म्हणाली, "दोनों समझो, पर गिराना मत."

गणेशोत्सवात महाराष्ट्र मंडळाचं संगीत नाटक असे. बदलीवर आलेले हिशेबनीस, डॉक्टर, प्राध्यापक, सगळे मिशा चिकटवून उभे राहत. त्यांतले निम्मे सुरात गात नसत. पण उजव्या विंगेत शशिकला बसलेली असे. गाणारा चुकला की ती पेटीवर त्याला हळूच ओढून रस्त्यावर आणी, जसं एखादं पोर गर्दीत हात धरून चालवावं तसं. पडद्याच्या घंटाही तिच्याच ताब्यात. पहिली, दुसरी, तिसरी. तिसरी झाली की पडदा. मुख्यमंत्री का आलेले असेनात, तिसरीच्या आधी पडदा हलायचा नाही.

मग बोटं आखडायला लागली. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी संधिवाताचं लांबलचक नाव सांगितलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी दुखणं कमी झालं, बोटं सरळ झाली नाहीत. पेटीवर चादर पडली. नशीब एवढंच की आजाराने पायांना अजून हात लावला नव्हता.

मूलबाळ नव्हतं. श्रीपाद मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत इंजिनियर. माणूस अबोल, प्रेम करायचं तर तारा जोडायच्या सोल्डरिंग आयर्नने करणारा. बायकोला बटणं दाबता येत नाहीत हे पाहिल्यावर त्याने घरच आपोआप चालवायचं मनावर घेतलं. टाळीचा दिवा ही सुरुवात होती. मग व्हरांड्यात अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा आला. जानेवारीच्या धुक्यात तो भर दुपारी लागे आणि सरलाबहनजी भिंतीपलीकडून विचारत, "शशि, तुम्हारे घर रात हो गई क्या?" गीझर घड्याळावर चालू लागला, पण घड्याळाचं बटण हरभऱ्याएवढं, ते फिरवायला दोन धडधाकट बोटं लागत. पाण्याचा पंप टाकी रिकामी झाली की स्वतःहून सुरू होई. असा धाडकन सुरू होई की शशिकलाच्या हातातली वाटी दोनदा पडली. पुढच्या दाराला विजेची कडी बसली. बटण दाबलं की खट्कन उघडे. बटण मात्र भिंतीत आत, नीट चौकोनी खळगीत बसवलेलं, दिसायला सुबक.

"सुबक आहे," शशिकला म्हणाली. "आता ते दाबायला मी कोपर सोलून घेऊ का?"

"अगं, सवय होईल."

"कोणाला? कोपराला?"

श्रीपाद दुसऱ्या दिवशी आणखी एक खोकं घेऊन येई.

*

हे असंच चाललं असतं. पण त्या वर्षी श्रीपादला सहा महिन्यांसाठी बंगलोरला प्रशिक्षणाला पाठवायचं ठरलं. नाही म्हणायची सोय नव्हती. शशिकलाला विचारायच्या आत सांगलीत सगळं ठरूनही गेलं होतं. थोरले दीर, रघुनाथभाऊजी, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी ठरवलं की महिनाअखेरीस येऊन शशिकलाला सांगलीला घेऊन जायचं. मागची खोली रिकामी आहे, सुना आहेत, वाढून द्यायला, केस विंचरायला माणूस आहे. परतीची दोन तिकिटं काढूनच ते निघणार होते.

"मी जाणार नाही," शशिकला म्हणाली.

"शशी, तिथे माणसं आहेत."

"इथेही माणूस आहे. मी."

"तुला एकटीला कसं जमेल? दार कोण उघडेल? चहा कोण करेल? नळ, दिवे..."

"म्हणजे एवढ्या खोक्यांनी घर भरलंत, त्यातलं एकही माझ्या कामाचं नाही, हे तुम्हाला माहीत होतं तर!"

श्रीपाद कोचावर बसला. ती त्याच्यासमोर उभी राहिली. "त्या मागच्या खोलीत मी एकदा गेले ना, की बाहेर यायची नाही. सहा महिन्यांनी तुम्ही म्हणाल, आता बरी बसली आहे, कशाला हलवायची. मला वाढून मिळेल, केस विंचरून मिळतील. आणि मी दिवसभर तिथे बसून काय करू? कोण कधी येतं याची वाट बघू? हे माझं घर आहे. वेडंवाकडं का होईना, मी ते चालवते."

दुपारी श्रीपाद ऑफिसला गेला. शशिकलाने पेटीवरची चादर दाताने धरून ओढली आणि ती पेटीसमोर बसली. हात मांडीवर राहिले. पाय आपोआप खालच्या दोन पट्ट्यांवर गेले, डावा, उजवा, डावा, उजवा. भाता भरला. सूर दाबायला बोट नव्हतं, म्हणून आवाज आला नाही, नुसता श्वास. पेटी श्वास घेत होती आणि तिचे पाय एक मात्रासुद्धा चुकत नव्हते.

संध्याकाळी श्रीपाद घरात शिरला तेव्हा ती तिथेच होती.

"पेचकस आणा," ती म्हणाली. "या पट्ट्या काढा."

"पेटीच्या?"

"आणि अशाच आणखी बनवा. सगळी बटणं खाली घ्या. जमिनीवर. माझे पाय अजून माझे आहेत."

"अगं, तुझ्या आईची पेटी..."

"चादरीखाली कुढत पडली आहे बिचारी. काढा. तिला काम मिळेल."

श्रीपादने पेचकस आणला आणि पट्ट्या काढल्या. आवाज ऐकून आलेल्या सरलाबहनजी दारातच थबकल्या. "हाय रब्बा! बाजा तोड़ दिया?"

"तोड़ा नहीं, बहनजी. बदली हो गई उसकी," शशिकला म्हणाली. "ड्रॉइंगरूम से किचन में."

*

त्यानंतरचे दिवस म्हणजे तालमीचे दिवस. आजवर श्रीपाद यंत्र बनवून आणत असे आणि शशिकला ते पाहत असे. आता ती कोचावर बसून सांगत असे आणि तो गुडघ्यांवर बसून तारा जोडत असे. पट्टी किती रुंद, हे तिच्या पावलावरून ठरलं. ती किती जोराने दाबावी लागेल, हे थंडीतल्या सकाळी ठरलं, कारण तेव्हा तिचं अंग सर्वांत जास्त आखडलेलं असे. ओल्या पायांनी धक्का बसू नये म्हणून पट्ट्यांना स्कूटरच्या बॅटरीचा कमी दाबाचा प्रवाह दिला आणि मोठी वीज दूर भिंतीवरच्या रिलेंकडे, म्हणजे ती चालू-बंद करणाऱ्या डब्यांकडे ठेवली. ओट्याखाली दोन पट्ट्या, एक दिव्याची आणि एक विजेच्या शेगडीची. दाराजवळ एक. न्हाणीघराबाहेर एक. शेगडीच्या पट्टीला तिने काथ्या गुंडाळून घेतला, म्हणजे खाली न बघता पायाला कळावं की ही कुठली.

"सुरांची पट्टी आणि भात्याची पट्टी कोणी बघून ओळखतं का?" ती म्हणाली.

दुसरी अट तिने घातली तेव्हा श्रीपादला ती आधी कळलीच नाही.

"घंटा हवी. तीन घंटा."

"कशाला?"

"अहो, तुमचा पंप न सांगता सुरू होतो. गीझर न सांगता बंद होतो. दार खट्कन उघडतं आणि मी दचकते. माझ्याच घरात कोण कधी काय करणार, हे मला कळत नाही. नाटकात पडदा कधी न सांगता उघडलाय का? पहिल्या घंटेला माणूस मिशी बसवतो, दुसरीला जागेवर येतो, तिसरीला तयार असतो. तुमच्या यंत्रांना सांगा, काही करायचं असेल तर आधी तीन घंटा द्या. मग खुशाल करा."

श्रीपादने हातातली तार खाली ठेवली. मग म्हणाला, "आणि दोन घंटांनंतर तुला नको असेल तर?"

"तर मी पट्टी दाबेन आणि प्रयोग रद्द."

ते त्याने केलं. टेलिफोनच्या भंगारातून आणलेल्या तीन छोट्या घंटा त्याने बैठकीत लावल्या, प्रत्येकीचा नाद निराळा.

तिसरी अट साधी होती. वीज गेली तर? त्या दिवसांत ती रोज जात असे. दाराच्या कडीला श्रीपादने कापडी फास असलेली एक दोरी बांधली. फासात कोपर घालून ओढलं की दार उघडे. त्यात काहीच आपोआप नव्हतं, म्हणून त्याला ती सांगायला लाज वाटत असे. शशिकलाला ती सर्वांत जास्त आवडली.

आणि टाळीचा दिवा? तो तिने काढू दिला नाही. "राहू दे. पाहुणे आले की मजा येईल."

*

महिनाअखेरीस रघुनाथभाऊजी होल्डॉल, डबा आणि दोन तिकिटं घेऊन आले. दारावर टकटक केल्यावर आतून एक घंटा वाजली, मग दुसरी, मग तिसरी, आणि दार आपोआप उघडलं. समोर कोणी नव्हतं. पट्टी दाबून पाच पावलं मागे सरलेली शशिकला उभी होती.

"या भाऊजी. चपला बाहेरच काढा, पट्टीवर पाय पडेल."

भाऊजी वाईट माणूस नव्हते, हे सांगायला हवं. वडील गेल्यावर त्यांनीच श्रीपादला शिकवलं होतं. घरातल्या प्रत्येकाची काळजी आपणच करायची, अशी त्यांना सवय लागली होती. त्यांनी सारं घर हिंडून पाहिलं. कौतुकही केलं. मग खुर्चीत बसून म्हणाले, "छान आहे. खेळ म्हणून छान आहे. पण शशिकला, घर म्हणजे खेळ नव्हे. उद्याची गाडी आहे. सामान आवरलंस का?"

"मी चहा करते," ती म्हणाली. "मग बोलू."

श्रीपाद उठू लागला. तिने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो पुन्हा बसला. विंगेतून त्याच नजरेने तिने कितीतरी नटांना जागेवर बसवलं होतं.

भाऊजी तिच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. हाताची घडी, चष्मा नाकाच्या टोकावर, परीक्षेच्या वर्गात उभे असावेत तसे. तिने दोन्ही मनगटांमध्ये धरून दुधाचं पातेलं शेगडीवर सरकवलं. पायाने काथ्याची पट्टी चाचपली, दाबली. शेगडीची तार लाल झाली. दुसऱ्या पट्टीने दिवा लावला. पायाच्या अंगठ्याने खालच्या कपाटाचं दार उघडलं आणि मनगटांनी साखरेचा डबा वर आणला. भाऊजींची नजर तिच्या पावलांमागून फिरत होती. तिला आतून हसू येत होतं. सारं जागच्या जागी चाललं होतं.

दुधाला साय धरली, कडेने फुगे आले. तिने वेळेवर पट्टी दाबली. शेगडी बंद झाली.

पण विजेच्या शेगडीची तार बटण बंद केल्याबरोबर थोडीच गार होते? ती लालच राहिली. पातेलं पटकन उचलणारे हात तिथे नव्हते. दूध वर आलं, काठावर क्षणभर थांबलं, आणि खाली आलं. शेगडीवर, ओट्यावर, फरशीवर, पट्ट्यांवर. घरभर करपल्याचा वास पसरला. सगळ्या तालमींत चहा आधी पाण्याचाच केला होता. नुसतं दूध तापवून कोणी पाहिलंच नव्हतं.

"पाहिलंस?" भाऊजी हळू आवाजात म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "म्हणूनच म्हणतो. उद्या दुधाऐवजी दुसरं काही असेल. चल. हट्ट करू नकोस."

श्रीपाद त्यांच्या मागे येऊन उभा होता. त्याचा चेहरा पडला होता. "चूक माझी आहे, दादा. तारेचा विचार मी..."

"तुम्ही थांबा," शशिकला त्याला म्हणाली. मग ती दिराकडे वळली. आयुष्यात पहिल्यांदा तिने डोक्यावरचा पदर सारखा केला नाही.

"भाऊजी, सांगलीला तुमच्या घरी दूध उतू जात नाही?"

"जातं. पण..."

"गेल्यावर वहिनींना घराबाहेर काढता?"

"अगं, भलतंच काय बोलतेस?"

"भलतं नाही. त्यांचं गेलं तर ते उतू गेलेलं दूध. माझं गेलं तर लगेच माझं घर बंद! असं का? कप फुटला म्हणून कोणी पडदा पाडतं का? नट तुकडे पायाने बाजूला सारतो आणि पुढचं वाक्य म्हणतो. तुमच्याकडे माझ्या हातून काही सांडणार नाही, हे मला माहीत आहे. कारण तुमच्याकडे मला कोणी कशाला हातच लावू देणार नाही. मला सांडायचंय, भाऊजी. माझ्या ओट्यावर, माझं दूध."

तिने कोपऱ्यातलं फडकं पायाने ओढलं. त्यावर दोन्ही पावलं ठेवली आणि फरशी पुसायला लागली. डावा, उजवा, डावा, उजवा. भात्यावर चालत असत तसेच पाय चालत होते. लय चुकली नाही. दूध बरंचसं पसरत होतं आणि थोडंसं पुसलं जात होतं, तरी ती थांबली नाही. श्रीपाद फडकं घ्यायला वाकला नाही. भाऊजी वाकायला निघाले, तर त्याने त्यांच्या दंडावर हात ठेवला. थोरल्या भावाला त्याने असं अडवलं, तेही पहिल्यांदाच.

"दादा," तो म्हणाला, "तिला पुसू दे."

भिंतीपलीकडून सरलाबहनजींचा आवाज आला, "शशि! दूध जल गया?"

"जल गया, बहनजी!" शशिकला तेवढ्याच मोठ्याने म्हणाली. "मेरा ही था!"

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग बैठकीत जाऊन बसले. बऱ्याच वेळाने त्यांच्यासमोर काळा, बिनदुधाचा चहा आला. केला शशिकलाने, आणून दिला श्रीपादने. शशिकला मागून आली आणि समोर बसली. भाऊजी एक घोट प्यायले.

"साखर कमी आहे," ते म्हणाले.

"डबा स्वयंपाकघरात आहे," ती म्हणाली.

ते उठले आणि स्वतः जाऊन घेऊन आले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीपाद रिक्षा बघायला बाहेर गेला होता. भाऊजी होल्डॉल बांधून दाराशी आले. एक तिकीट त्यांनी टेबलावर चहाच्या बशीखाली ठेवलं होतं. त्यांनी सवयीने कडीला हात घातला. मग थांबले. हात मागे घेतला आणि खाली पाहून म्हणाले, "इथे मी दाबायचं की तू?"

"मी," शशिकला म्हणाली आणि पाय ठेवला.

पहिली घंटा वाजली. भाऊजींनी टोपी नीट केली. दुसरी वाजली. त्यांनी होल्डॉल उचलला. तिसरीला ते ताठ उभे होते, मंडळाच्या नाटकात पहिल्यांदाच उभ्या राहणाऱ्या एखाद्या हिशेबनिसासारखे. दार उघडलं. बाहेर थंडीचं ऊन पडलं होतं.

"प्रकृतीला जप," ते म्हणाले.

"तुम्हीही," तिने सांगितलं.

ते गेल्यावर तिने पट्टी दाबून दार लावलं. बंगलोरचे सहा महिने समोर पडले होते, त्यांत काय काय सांडणार होतं कोण जाणे. ती स्वयंपाकघरात गेली. दोन मनगटांमध्ये पातेलं धरून तिने ते शेगडीवर सरकवलं. दूध तापवायचं होतं.

आज पट्टी जरा आधी दाबायची, एवढंच.